पॅसेजमध्ये राउटर, खोलीत अंधार: हॉस्टेलच्या वाय-फायचं नेमकं कुठे चुकतं?

जानेवारी २०२६ मध्ये एक बातमी आली आणि दोन दिवसांत मागे पडली. केंद्र सरकारने ६ गिगाहर्ट्झ पट्ट्याचा खालचा भाग, म्हणजे ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ, वाय-फायसाठी परवानामुक्त केला. मसुदा मे २०२५ मध्येच आला होता. अमेरिकेने हा पट्टा एप्रिल २०२० मध्ये खुला केला होता आणि तोही आपल्या दुपटीहून मोठा, १२०० मेगाहर्ट्झचा. आपल्याला ५०० मिळाले. उशिरा का होईना, पण मिळाले.

आता हे वाचून तुम्ही म्हणाल, आपल्याला काय त्याचं? आपल्याला एवढंच हवंय की रात्री दहा वाजता हॉस्टेलच्या खोलीत असाइनमेंट अपलोड व्हावी. बरोबर आहे. पण या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे. नवा पट्टा आला की 'वाय-फाय ७ कॅम्पस' अशा निविदा निघणार, जुने डबे उतरवून नवे लागणार. एकदा ते लागले की पुढची पाच-सात वर्षं कोणी हात लावत नाही. म्हणजे आज फर्स्ट इयरला असलेल्या मुलीची अख्खी डिग्री त्या एका निर्णयावर निघणार.

मी वसतिगृहं आणि अभ्यासिकांमध्ये वाय-फायचा सर्व्हे करायला जातो. माझं म्हणणं थोडक्यात सांगतो: बहुतेक ठिकाणी डबा वाईट नसतो, डब्याची जागा वाईट असते. आणि ६ गिगाहर्ट्झ आल्यावर ही चूक जास्त महाग पडणार आहे. कसं ते बघूया.

फुल रेंज, तरी नेट नाही

आधी हा घोळ सोडवू. फोनवर तीन काड्या दिसतात, पण व्हॉट्सअ‍ॅपचा फोटो गोल गोल फिरत बसतो. का?

गावच्या जत्रेतला लाउडस्पीकर आठवा. स्टेजवरचा माणूस बोलतो ते मैदानाच्या टोकाला उभ्या असलेल्या तुम्हाला स्वच्छ ऐकू येतं. पण तुम्ही तिथून ओरडलात तर त्याला ऐकू जाईल का? भिंतीवरचा अ‍ॅक्सेस पॉइंट, आपण त्याला एपी म्हणू, हा तो लाउडस्पीकर. तुमचा फोन म्हणजे तुमचा आवाज. फोनला बॅटरी वाचवायची असते, त्याचा अँटेना छोटा असतो, त्यामुळे तो हळू बोलतो. तुम्हाला काड्या दिसतात त्या एपीच्या आवाजाच्या. तुमचा आवाज तिथे पोचतोय का, हे काड्या सांगतच नाहीत.

म्हणून 'सर, पॉवर वाढवा ना' हा उपाय चालत नाही. लाउडस्पीकर मोठा केला म्हणून तुमचा घसा मोठा होत नाही. उलट काड्या वाढतात, नेट तसंच राहतं आणि तक्रार करायला गेलं की 'रेंज तर फुल आहे की' असं ऐकावं लागतं.

पॅसेजचं प्रेम

आता बहुतेक हॉस्टेलांचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. मधून लांब पॅसेज, दोन्ही बाजूंना खोल्या. एपी कुठे? पॅसेजच्या छताला, पंधरा-वीस मीटरवर एक. कारण सोपं आहे. तिथे केबल टाकायला सोपी, खोलीचं कुलूप उघडायला लागत नाही आणि उद्या बिघडला तर शिडी लावली की झालं. एका कंत्राटदाराच्या माणसाने मला सरळ सांगितलं होतं, "दादा, खोलीत ड्रिल मारायचं म्हणजे पोरांच्या परीक्षा, सामान, रेक्टरची परवानगी. पॅसेजचं काम दोन दिवसांत उरकतं."

त्याच्या बाजूने ते खरंही आहे. पण रेडिओ लहरींच्या बाजूने पॅसेज ही सगळ्यात वाईट जागा आहे. दोन कारणं.

पहिलं, पॅसेज म्हणजे मोकळी नळी. तिथे एका टोकाचा एपी दुसऱ्या टोकाच्या एपीला मस्त ऐकतो. ऐकतो म्हणजे त्याच चॅनेलवर असेल तर त्याचं बोलणं संपेपर्यंत गप्प बसतो. वाय-फायचा नियमच तो आहे: एका चॅनेलवर एका वेळी एकच बोलणार.

दुसरं, जिथे मुलं असतात तिथे पोचायला सिग्नलला भिंत, दार, लोखंडी कपाट आणि कधी बाथरूमच्या टाइल्स ओलांडाव्या लागतात. एका मुलींच्या वसतिगृहात मी मोजून बघितलं होतं. पॅसेजमध्ये एपीखाली उणे ४५ डीबीएम. त्याच्याच समोरच्या खोलीत, कपाटामागच्या पलंगावर, उणे ७५. हा आकडा कसा वाचायचा? दर १० ने घट म्हणजे ताकद दहावा हिस्सा. म्हणजे ३० ची घट ही हजारपट. चार पावलांत हजारपट! व्हिडिओ कॉल नीट चालायला साधारण उणे ६७ किंवा त्याहून चांगलं लागतं, असं नेटवर्कवाले धरून चालतात.

म्हणून मुली पॅसेजमध्ये चटई टाकून लेक्चर बघत बसल्या होत्या. त्यांना कोणी डीबीएम शिकवलं नव्हतं, पण नेटवर्क प्लॅनिंग त्यांना बरोबर कळलं होतं.

एपी खोलीत, किंवा दोन-तीन खोल्या मिळून एक असा लावला की हीच भिंत मित्र होते. शेजारच्या एपीचा आवाज ती अडवते आणि तुमचा एपी तुमच्यापासून चार मीटरवर असतो. परदेशातल्या कित्येक विद्यापीठांनी हॉस्टेलसाठी पॅसेज सोडून खोल्यांची वाट धरली ती यामुळेच. त्यासाठी स्विचबोर्डाएवढे, भिंतीला लागणारे छोटे एपी मिळतात. मूळचे ते हॉटेलांच्या खोल्यांसाठी निघालेले.

हवेतला वेळ कोण खातं?

वाय-फायमध्ये एमबीपीएसपेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे हवेतला वेळ. एका सेकंदाचे तुकडे सगळ्यांत वाटले जातात. दूर बसलेला, हळू बोलणारा फोन तेवढाच फोटो पाठवायला जास्त वेळ घेतो आणि तोवर बाकीचे थांबतात. एका कोपऱ्यातल्या खोलीचं दुखणं अशा रीतीने सगळ्या मजल्याचं होतं.

२.४ गिगाहर्ट्झवर तर जागाच नाही. तिथे एकमेकांना न धडकणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. एका मजल्यावर सहा एपी असतील तर प्रत्येक चॅनेलवर दोन-दोन. वरचा-खालचा मजला धरला तर आणखी.

त्यात नावांची हौस. 'हॉस्टेल', 'हॉस्टेल स्टाफ', 'गेस्ट', 'एक्झाम' अशी चार नावं दिसतात ना? प्रत्येक नाव दर १०२ मिलिसेकंदांनी 'मी आहे, मी आहे' अशी हाक मारतं. जुन्या १ एमबीपीएस वेगावर सेटिंग ठेवलं असेल तर ३०० बाइटची एक हाक सुमारे अडीच मिलिसेकंद खाते. एका चॅनेलवर एकमेकांना ऐकू येणारे पाच एपी, प्रत्येकी चार नावं, म्हणजे वीस हाका, म्हणजे पन्नास मिलिसेकंद. निम्मा वेळ नुसत्या हाका मारण्यात गेला! अजून एकाही मुलाने काही उघडलेलं नाही. नावं दोनवर आणली आणि किमान वेग वाढवला तर हा खर्च जवळजवळ नाहीसा होतो. यात एक रुपयाची खरेदी नाही, नुसतं सेटिंग आहे.

५ गिगाहर्ट्झवर आपल्याकडे स्थिती बरी आहे. ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने तिथे एकूण ६०५ मेगाहर्ट्झ परवानामुक्त झाले. २० मेगाहर्ट्झचे वीसपेक्षा जास्त चॅनेल मिळतात. पण इथेही एक मोह असतो. कंत्राटदार चॅनेल ८० मेगाहर्ट्झ रुंद ठेवतो, कारण उद्घाटनाच्या दिवशी एकटा फोन स्पीड टेस्ट करतो आणि आकडा झकास येतो. शंभर फोन आल्यावर मात्र रुंद चॅनेल म्हणजे चार लेनच्या रस्त्यावर आडवी लावलेली एकच बस. हॉस्टेलला २० किंवा फार तर ४० बरं.

मग ६ गिगाहर्ट्झने सुटेल का?

अर्धं सुटेल. खालच्या पट्ट्यात २० मेगाहर्ट्झचे २४ नवे चॅनेल बसतात, किंवा ८० चे सहा, किंवा १६० चे तीन. शिवाय तिथे जुनी, हळू बोलणारी उपकरणं नाहीत, कारण ती तिथे बोलूच शकत नाहीत.

पण नियम नीट वाचा. परवानगी आहे ती इमारतीच्या आत कमी ताकदीने आणि बाहेर अगदीच कमी ताकदीने वापरायची. वर भौतिकशास्त्र आहेच. फ्रीक्वेन्सी वाढली की तेवढ्याच अंतरात सिग्नल जास्त उतरतो आणि भिंतीतही जास्त अडकतो. म्हणजे पॅसेजमधून खोलीत आज जेमतेम पोचणारं वाय-फाय ६ गिगाहर्ट्झवर दारातच थांबणार. पॅसेजच्या जुन्या खिळ्यांवर नवे महागडे डबे टांगले तर कागदावर 'वाय-फाय ७' आणि खोलीत पुन्हा २.४, असंच होणार. हा पट्टा खोलीतल्या एपीसाठीच बनलाय म्हणा ना.

दुसरी गोष्ट तुमच्या हातातल्या फोनची. आयफोनमध्ये ६ गिगाहर्ट्झ पहिल्यांदा आलं ते २०२३ च्या १५ प्रोमध्ये. पंधरा-वीस हजारांच्या फोनमध्ये बहुतेकदा वाय-फाय ५ किंवा ६ असतं, आणि आपल्या हॉस्टेलांत हेच फोन जास्त. तेव्हा नव्या पट्ट्याचा फायदा आधी महाग फोनवाल्याला आणि मग गर्दी कमी झाली म्हणून बाकीच्यांना. निविदेत 'वाय-फाय ७' हा शब्द असण्यापेक्षा ५ गिगाहर्ट्झ प्रत्येक पलंगापर्यंत पोचणं जास्त गरजेचं आहे.

केबल आणि लाइट

डब्याची जाहिरात होते, केबलची होत नाही. पण खरा खर्च आणि खरं आयुष्य केबलचं असतं. एपी पाच-सात वर्षांत बदलतो, चांगली केबल दोन-तीन एपी बघते. म्हणून पैसे कमी असतील तर आज प्रत्येक खोलीपर्यंत केबल टाकून घ्या आणि एपी टप्प्याटप्प्याने लावा. उलटं करू नका.

तांब्याच्या केबलला स्विचपासून १०० मीटरची मर्यादा आहे. लांबलचक इमारतीत तळमजल्याच्या ऑफिसातून सगळीकडे केबल ओढली की शेवटच्या खोल्या या मर्यादेबाहेर जातात. प्रत्येक मजल्यावर स्विच हवा. एपीला वीज त्याच केबलमधून मिळते. जुने स्विच एका जोडणीला १५.४ वॉट देतात, त्यानंतरचे ३०. नव्या एपींना बहुतेकदा ३० किंवा जास्त लागतात. जुन्या स्विचवर नवा एपी लावला तर तो चालू होतो, पण अर्ध्या अंगाने.

आणि आपल्याकडचा मुख्य प्रश्न: लाइट गेली की? वीज केबलमधून जात असल्याने प्रत्येक एपीला वेगळा इन्व्हर्टर लागत नाही. मजल्याच्या स्विचला आणि मुख्य राउटरला यूपीएस दिला की लोडशेडिंगमध्येही वाय-फाय चालू. निविदेत ही एक ओळ नसते म्हणून ऐन परीक्षेच्या फॉर्मच्या दिवशी सगळं आंधळं होतं.

बाहेरची लाइनही बघा. समजा ३६० मुलं आहेत आणि रात्री दहाला त्यातली एक तृतीयांश काहीतरी बघतायत. १२० जण, प्रत्येकी ३ एमबीपीएस, झाले ३६०. लाइन १०० ची असेल तर आत सोन्याचे एपी लावले तरी उपयोग नाही.

'आम्ही आमचाच राउटर लावतो'

समजू शकतो. पण यात एक घात आहे. खोलीतल्या जॅकची केबल घरगुती राउटरच्या 'वॅन'ऐवजी 'लॅन' भोकात घातली, तर तो राउटर सगळ्या मजल्याला आयपी पत्ते वाटायला लागतो. चुकीचे पत्ते मिळालेले फोन कनेक्टेड दाखवतात, नेट मात्र शून्य. सगळे रेक्टरला शिव्या घालतात, दोषी राउटर पलंगाखाली लुकलुकत असतो. यावर स्विचमध्ये 'डीएचसीपी स्नूपिंग' नावाची सोय असते, ती चालू करायला सांगा.

मग कॉलेजने मुलांचे हॉटस्पॉट जाम करावेत का? अजिबात नाही. भारतात परवानगीशिवाय जॅमर वापरणं बेकायदा आहे. अमेरिकेत ऑक्टोबर २०१४ मध्ये मॅरियट कंपनीला पाहुण्यांचे वैयक्तिक हॉटस्पॉट तोडल्याबद्दल सहा लाख डॉलर भरावे लागले होते. मुलं स्वतःचे राउटर आणतात ते नेटवर्क वाईट असतं म्हणून. नेटवर्क सुधारा, राउटर आपोआप घरी जातात.

हा चैनीचा प्रश्न आहे का?

'तुम्हाला रील्स बघायला नेट पाहिजे' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. रील्स बघतातच, खोटं कशाला बोलायचं? मार्च २००७ मध्ये आयआयटी मुंबईनेही रात्री ११ नंतर हॉस्टेलच्या खोल्यांमधलं इंटरनेट बंद केलं होतं, मुलांनी झोपावं, एकमेकांशी बोलावं म्हणून. काळजी खोटी नव्हती. पण २००७ मध्ये प्रवेशाचे फॉर्म, स्कॉलरशिप, असाइनमेंट, एनपीटीईएलची लेक्चर्स सगळं फोनवर नव्हतं. आज आहे.

१९ सप्टेंबर २०१९ ला केरळ उच्च न्यायालयाने एक निकाल दिला. कोझिकोड जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी सहा ते रात्री दहा मोबाइल वापरायला मनाई होती. एका विद्यार्थिनीने नकार दिला, तिला वसतिगृहातून काढलं, ती कोर्टात गेली. कोर्टाने तिला परत घ्यायला सांगितलं आणि म्हटलं, इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या हक्काचा आणि घटनेच्या कलम २१ मधल्या खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे. याचा अर्थ प्रत्येक हॉस्टेलने वाय-फाय दिलंच पाहिजे असा होत नाही. पण 'नेट म्हणजे चैन' हे वाक्य त्यानंतर तितक्या सहज म्हणता येत नाही.

पैशाचंही बघा. जुलै २०२४ मध्ये मोबाइलचे दर वाढले. जिओचा रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा पॅक २३९ चा २९९ झाला. ज्याचे बाबा शेतीवर घर चालवतात, त्याच्यासाठी हॉस्टेलचं वाय-फाय म्हणजे महिन्याचा एक खर्च वाचणं. शेजारच्या पलंगावरच्या मुलाला फरक पडत नाही, तो हॉटस्पॉट चालू करतो. वाईट वाय-फायची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही.

लॉगिन करताना जरा जपून

लॉगिन ठेवणं कॉलेजला भाग आहे. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे संस्थांनी नोंदी १८० दिवस ठेवायच्या असतात. तुम्ही कधी, कुठल्या साइटला गेलात हे त्यांना साधारण कळू शकतं. व्हॉट्सअ‍ॅपवर काय लिहिलंत ते कळत नाही. पण 'नेट चालायला हे सर्टिफिकेट फोनमध्ये टाका' असं सांगितलं तर थांबा आणि लेखी कारण विचारा. असं सर्टिफिकेट फोनने मानलं तर ब्राउझरमधला कुलूपबंद मजकूर मध्येच उघडून वाचता येऊ शकतो.

फोनचं नाव नोंदवूनही नेट वारंवार तुटत असेल तर सेटिंगमध्ये बघा. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कला खरा मॅक पत्ता न देता बनावट पत्ता देतात. हे चांगलंच आहे. फक्त कॉलेज मॅक पत्त्यावर नोंदणी करत असेल तर त्या एका नेटवर्कपुरतं ते बंद करावं लागतं. याहून चांगली पद्धत म्हणजे प्रत्येकाला स्वतःचं युजरनेम-पासवर्ड, जसं एड्युरोममध्ये असतं. भारतात ते अर्नेट चालवतं आणि एकाच लॉगिनवर दुसऱ्या सहभागी विद्यापीठातही नेट चालतं.

रेक्टर सरांकडे जाताना

'नेट स्लो आहे' असा अर्ज फायलीत जातो. त्याऐवजी मोजून न्या. अँड्रॉइडवर कुठलंही वाय-फाय अ‍ॅनालायझर अ‍ॅप, आयफोनवर अ‍ॅपलचंच एअरपोर्ट युटिलिटी अ‍ॅप घ्या. त्यातलं स्कॅनर सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागतं. रात्री दहा वाजता, दार लावून, पलंगावर बसून आकडा लिहा. वीस खोल्यांचे आकडे एका कागदावर आले की तो कागद बोलतो.

आणि निविदा निघायच्या आधी पाच प्रश्न विचारा:

१. एपी खोलीत लागणार की पॅसेजमध्ये? पॅसेजमध्ये असेल तर दार बंद असताना सर्व्हे केलाय का?

२. मोजणी 'कव्हरेज'ची आहे की एका वेळी किती जण वापरणार याची?

३. प्रत्येक मजल्यावर स्विच आणि त्याला यूपीएस आहे का?

४. बाहेरची लाइन किती एमबीपीएसची, आणि ती हॉस्टेलसाठी वेगळी आहे की ऑफिससोबत वाटून?

५. काम झाल्यावर बिल देण्याआधी खोल्यांमध्ये मोजणार कोण? त्यात दोन विद्यार्थी असतील का?

पाचवा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. बिल निघाल्यावर कंत्राटदाराचा फोन लागत नाही, आणि त्याचं कारण मात्र नेटवर्क नसतं.